कोयता कुणाचा?

सोमेश्वरनगरला कारखान्याचं धुराडं पेटलं की कोयते येतात. माणसं येतात असं इकडं कुणी म्हणत नाही. 'यंदा किती कोयते उतरले?' असंच विचारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मराठवाड्यातून, जास्त करून बीडकडून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेरडं, तान्ही पोरं घालून हे कोयते नीरेच्या काठाला येतात. मोकळ्या रानात कोप्या पडतात आणि पहाटेच्या थंडीत फड सुरू होतो. माणसाला हत्याराच्या नावानं मोजायची ही आमच्या सहकाराची भाषा आहे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

दुसरा कोयता पुण्यात आहे. २०२२ च्या अखेरीपासून पेपरवाल्यांनी त्याला नाव दिलं, 'कोयता गँग'. सतरा-अठरा वर्षांची पोरं गाड्या फोडतात, दुकानं फोडतात, भर चौकात माणसावर वार करतात. पोरं कुठली? हडपसरची, बिबवेवाडीची, येरवड्याची, आणि आपल्या बारामती-इंदापूरकडून कामाच्या शोधात गेलेलीही. त्यांची रील आपल्या वस्तीत फिरते. आपली पोरं ती बघतात आणि 'भाई' म्हणतात.

एकच हत्यार. एक कोयता ऊस तोडतो आणि उपाशी राहतो. दुसरा माणूस तोडतो आणि बॅनरवर चढतो. मला या लेखात एवढंच विचारायचं आहे, की ह्या दुसऱ्या कोयत्याचा मालक कोण? आणि तो नेमका कुणाच्या मानेवर पडतो?

आधी माझं सांगतो. दुसऱ्याचं उघडं करायचं तर आधी आपला सदरा काढावा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेज संपलं होतं, काम नव्हतं. वस्तीतल्या एका भाईचा निरोप आला. भाई परका नाही, आपलाच. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून पुढं नाचणारा, वर्गणीत सगळ्यात मोठी पावती फाडणारा. म्हणाला, "दहा पोरं घेऊन ये. काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. पाचशे रुपये आणि बिर्याणी." आम्ही टेंपोत बसून गेलो. एका कंपनीच्या गेटावर उतरवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी गेटं पन्नास आहेत आणि प्रत्येक गेटावर असे टेंपो लागतात.

समोर पन्नास-साठ माणसं बसली होती. ठेकेदाराकडची. बोनस मागत होती, कायम करा म्हणत होती, आणि युनियनचा फलक गेटावर लावायला आली होती. आम्ही काळे चष्मे लावून उभे राहिलो. त्या दिवशी कुणी कुणाला बोट लावलं नाही, काठी उचलली नाही, शिवीसुद्धा दिली नाही. नुसते उभे राहिलो. त्या घोळक्यातली एक बाई, माझ्या आईच्या वयाची, उठून पुढं आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाचा रं तू?"

आमच्याकडं हा प्रश्न नाव विचारत नाही. बाप विचारतो, आळी विचारतो. मला उत्तर देता आलं नाही. माझी आई त्या वेळी दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत रोजावर होती. चार दिवसांत तो फलक उतरला. पुढं बसलेल्या लोकांना गेटावरच थांबवलं. युनियन मेली. मी पाचशे रुपये घेतले आणि बिर्याणी खाल्ली.

दोस्तहो, मारहाण झाली की बातमी होते. पण शंभरातल्या नव्वद ठिकाणी मारहाण करावीच लागत नाही. नुसतं उभं राहून भागतं. का भागतं? कारण ह्याआधी कधीतरी, कुठंतरी, कुणाला तरी मारलेलं असतं, आणि ते मरण सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. एका खुनावर वीस-वीस वर्षं दहशतीचं व्याज खाता येतं. मी त्या गेटावर उभा होतो तेव्हा ते व्याज वसूल करत होतो. मुद्दल कुठलं होतं हे मला माहीत नव्हतं. ते मला नानांनी सांगितलं.

नाना म्हणजे माझे चुलत आजे. आमच्याकडून मुंबईला गेले आणि गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले. साचेखात्यातच का, हेही सांगतो. विणकामात धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यायला लागायचं, म्हणून त्या जास्त पगाराच्या खात्यात महाराला शिरू द्यायचे नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला होता. आणि त्याच बाबासाहेबांनी दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. त्या दिवशीही गोळीबार झाला. जातीचं भांडण कामगारांच्या घरात बसून लढायचं आणि मालकाविरुद्ध एकत्र उभं राहायचं, ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली. आपण नेमकी उलटी करतो. घरात गप्प बसतो आणि मालकाच्या गेटावर जाऊन उभे राहतो.

नाना वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचे. त्यांनी मला गिरणगावच्या मरणांची यादी बोटांवर मोजून दाखवली.

पहिलं बोट. १९६७ साली परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या कम्युनिस्टांच्या आणि गिरणी कामगार युनियनच्या ऑफिसावर शिवसैनिकांनी हल्ला केला. कागद जाळले, सामान फोडलं. तिथं माणूस मेला नाही. पण लाल बावट्याचं ऑफिस फोडलं तरी काही होत नाही, हे त्या दिवशी साऱ्या गिरणगावाला कळलं.

दुसरं बोट. ५ जून १९७० च्या रात्री कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांना लालबागेत भोसकून मारलं. निवडून आलेला आमदार, स्वतःच्या मतदारसंघात, स्वतःच्या वस्तीत. खटल्यात शिवसैनिकांना शिक्षा झाल्या. पोटनिवडणुकीत देसाईंची विधवा सरोजिनी उभी राहिली, आणि तिला हरवून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले. नवरा मारला, खुर्चीही घेतली.

तिसरं बोट धरताना नानांचा आवाज बसला. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या आंबेडकर मैदानावर दलित पँथरची सभा होती. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली होती. सभेवर दगड पडले, मग पोलिसांच्या लाठ्या पडल्या, आणि चाळी एकमेकींच्या अंगावर गेल्या. १० जानेवारीला परळहून मोर्चा जाताना इमारतीवरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. पँथरचा पहिला हुतात्मा. पुढं न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला, अहवाल आला. नाना म्हणाले, "ज्या चाळीतून दगड आले त्या चाळीतली माणसं माझ्याच गिरणीत होती. सकाळी एकाच भोंग्याला आम्ही आत जायचो." हे वाक्य नीट ऐका. एका भोंग्याला आत जाणारी माणसं संध्याकाळी एकमेकांवर दगड टाकतात, तेव्हा मालकाला दुसरं काय लागतं?

मग १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंत यांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार-बोनस हा प्रश्न होताच. पण मुळाशी दुसरीच गोष्ट होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं पंचवीस टक्के सभासद दाखवणाऱ्या एकाच युनियनला 'प्रातिनिधिक' म्हणून शिक्का दिला होता. तो शिक्का राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं. अडीच लाख माणसं रस्त्यावर उतरून म्हणत होती की हा संघ आमचा नाही. कायदा म्हणत होता, तुमचाच. कामगाराला आपला पुढारी निवडायचं मतच नव्हतं.

इथं माझा मुद्दा येतो. गुंड आभाळातून पडत नाही. जिथं कामगाराला आपली युनियन निवडायचा सरळ रस्ता बंद केलेला असतो तिथं जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेत गुंड शिरतो. मालकाला बोलणी करायला कुणीतरी लागतंच. खरा प्रतिनिधी नको असतो, तेव्हा दादा चालतो. दादा स्वस्त पडतो. एकदाच पैसे द्यायचे, दरवर्षी पगारवाढ द्यायला लागत नाही.

संप लांबला. बायकांनी भांडी विकली, मंगळसूत्रं मोडली. हजारो गावाला परतले. नाना त्यांतलेच. परतायच्या आधीची एक रात्र त्यांनी सांगितली. दोघं आले. म्हणाले, उद्या गेटात जायचं, नाहीतर खोली सोडायची. "पोरा, त्यातल्या एकाला मी ओळखलं. माझ्या शेजारच्या साच्यावर त्याचा बाप होता. बाप संपात, पोरगा दादाकडं. घरात चूल पेटत नव्हती म्हणून पोरगं तिकडं गेलं. त्याला शिवी द्यावी का मिठी मारावी, मला समजंना." नाना खोटं बोलत नाहीत. त्यांनी हेही सांगितलं, की कामावर जाणाऱ्याला संपकऱ्यांनीही मारलं. त्यांच्याही हातात एकदा काठी होती. डॉक्टरांच्या युनियनवर मारहाणीचे आरोप आधीपासून होते, हेही आपण लपवू नये. ज्यांना लपवायचं असतं त्यांचा इतिहास पुढच्या पोराला उपयोगी पडत नाही.

संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. लाखाच्या वर माणसांची नोकरी गेली. आणि मग खरा धंदा पुढं आला, जमिनीचा. गिरण्या मुंबईच्या मधोमध, कापडापेक्षा जमीन महाग. १९९१ च्या विकास नियमावलीनं ती जमीन विकायची वाट उघडली, पण तिच्यातला मोठा वाटा मोकळ्या जागेला आणि घरांना ठेवायचा होता. २००१ मध्ये नियमाचा शब्द फिरवला आणि तो वाटा फक्त उघड्या पडलेल्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. कागदावरचा एक शब्द हलला आणि शेकडो एकर जमीन इकडची तिकडं झाली. ह्या शब्दाला कोयता लागला नाही. पण त्या शब्दापर्यंतचा रस्ता कोयत्यानंच साफ केला होता.

संपात रिकामी झालेली पोरं टोळ्यांत गेली. दगडी चाळीचा अरुण गवळी, त्याच्याविरुद्ध अमर नाईक, ही सगळी गिरणगावातलीच नावं. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गाडीत गोळ्या घातल्या. गिरणीची जमीन विकायचा बेत होता. त्या व्यवहारासाठी कामगारांची संमती गोळा करण्यात एक टोळी उतरली होती आणि दुसऱ्या टोळीनं मालक मारला, असं तेव्हा पेपरांतून उघड छापून आलं. म्हणजे बघा, ज्यानं कुत्रं पाळलं त्यालाही एक दिवस कुत्रं चावतं. पण ह्यावर आपण खूश होऊ नये. मालक मेला, तरी जमीन कामगाराकडं आली नाही.

आणि १६ जानेवारी १९९७. डॉक्टर सामंत पवईच्या घरून घाटकोपरच्या ऑफिसला निघाले होते. वाटेत गाडी अडवून गोळ्या घातल्या. गोळ्या झाडणाऱ्यांतल्या काहींना पुढं जन्मठेप झाली. कट रचल्याचा आरोप छोटा राजनवर होता. २८ जुलै २०२३ ला विशेष न्यायालयानं पुराव्याअभावी त्याला सोडलं. सव्वीस वर्षांनी. ज्याच्या फायद्यासाठी डॉक्टर मारले गेले तो फायदा कुणाचा, हा प्रश्न कोर्टाच्या टेबलावर शेवटपर्यंत रीतसर मांडलाच गेला नाही.

हे मुंबईचंच आहे असं समजू नका. छत्तीसगडात शंकर गुहा नियोगी खाणमजुरांची आणि भिलाईच्या ठेका कामगारांची युनियन बांधत होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या रात्री झोपेत असताना खिडकीतून गोळी घातली. १९९७ मध्ये खालच्या कोर्टानं उद्योगपतींनाही शिक्षा दिली. १९९८ मध्ये हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एकट्या गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. गोळी झाडणारा आत. बाकी सगळे बाहेर.

आता हिशेब मांडा. मरणारा कामगारांचा माणूस. मारणारा बहुतेक वेळा कामगाराचाच पोरगा. तुरुंगात जाणारा तोच पोरगा. आणि जमीन, गेट, खुर्ची ज्याला मिळते तो ह्या हिशेबात कुठंच दिसत नाही. कोयत्याला मूठ आपली, धार त्यांची.

मुंबईचं पुराण फार झालं, आमच्या गावाकडं असं नाही, असं कुणी म्हणेल. मग परत नीरेच्या काठाला या.

ऊसतोडीच्या मजुराला उन्हाळ्यात मुकादम उचल देतो. ती फेडायला सारा हंगाम जातो. कारखाना म्हणतो मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो मी तर ह्यांच्यातलाच, मीच वाहतूकदाराकडून पैसे उचललेत. मालक कुणीच नाही. मग मागणी कुणाकडं करायची? २०१९ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढलं. संघटनांनी 'कोयता बंद'ची हाक दिली की दर वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली. हे लढून मिळालं, फुकट नाही. पण फडात एकट्यादुकट्यानं तोंड उघडलं तर? तळावरच्या एका बाईनं मला सांगितलं. पलीकडच्या एका जिल्ह्यातल्या तळावर तिच्या दिरानं हिशेब मागितला. 'उचल बुडवून पळणार आहे' असं म्हणून रात्री त्याला गाडीत घातलं. सहा दिवस पत्र्याच्या खोलीत. भावकीनं पैसे जमवून सोडवून आणला. "तक्रार केली का?" मी विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "परत त्याच मुकादमाची उचल घ्यायचीय की, भाऊ."

हीच ती जागा. युनियन इथं मारावी लागत नाही. ती जन्मालाच येत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याला पन्नास वर्षं होत आली आणि पत्र्याची खोली तशीच आहे.

ही माणसं ज्या बीडमधून येतात तिथलं ताजं प्रकरण तुम्हाला माहीत आहे. केज तालुक्यातलं मस्साजोग. ६ डिसेंबर २०२४. तारीख बघा. आपण चैत्यभूमीवर रांगेत उभे होतो त्या दिवशी मस्साजोगला पवनचक्की कंपनीच्या आवारात काही जण घुसले आणि वॉचमनला मारलं. वॉचमन आपल्या समाजाचा. सरपंच संतोष देशमुख, समाजानं मराठा, वॉचमनला वाचवायला मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांना उचलून नेलं आणि हाल करून मारलं. आरोपपत्र म्हणतं, मुळाशी कंपनीकडं मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. त्यात प्रमुख आरोपी म्हणून वाल्मिक कराडचं नाव आलं, संघटित गुन्हेगारीचा मकोका लागला. कराड ज्यांचे निकटचे मानले जात ते मंत्री धनंजय मुंडे यांनी ४ मार्च २०२५ ला राजीनामा दिला. आरोप शाबीत करायचं काम कोर्टाचं, मी कोर्ट नाही.

पण ह्यातली एक गोष्ट मी सांगतो. वरळीत १९७४ ला मराठ्याच्या चाळीतून दलितावर दगड आला. मस्साजोगला दलित वॉचमनसाठी मराठा सरपंच मेला. पन्नास वर्षांत एवढं तरी घडलं. आणि लगेच काय झालं? आठ दिवसांत सगळ्यांनी प्रकरणाला जात चिकटवली. हा मोर्चा ह्या जातीचा, तो आरोपी त्या जातीचा. वॉचमन गोष्टीतून गायबच झाला. खंडणीखोराला ह्याहून सोयीचं काय असतं? टोळीला जात लागते ती लपायला. धंद्याला नाही. धंद्यात तिला फक्त पैसा लागतो.

इकडं इंदापूरला भीमेच्या वाळूचा धंदा. उजनीच्या पाण्यात महसूलवाले बोटी फोडतात, जिलेटीननं उडवतात, पुन्हा नव्या बोटी उतरतात. मे २०२४ मध्ये इंदापुरात तहसीलदारांच्या सरकारी गाडीवर भर दिवसा सळया घेऊन हल्ला झाला. जिथं तहसीलदाराची गाडी सुरक्षित नाही तिथं माहितीचा अर्ज टाकणारा पोरगा, ग्रामसभेत हात वर करणारी बाई, ठेकेदाराला पगारपत्रक मागणारा मजूर, ह्यांचं काय?

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतो. "मग आपणही आपला दादा उभा करू. गोळीला गोळी." मीही असंच म्हणायचो. आपल्या चळवळीला ह्या भाषेचं आकर्षण आहे, आणि ते उगीच नाही. मार खाल्लेल्या माणसाला हात उचलल्याशिवाय ताठ उभं राहता येत नाही. पँथरनं अत्याचार करणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं धाडस केलं तेव्हा गावोगावच्या माणसाची मान वर झाली. ते धाडस मी नाकारत नाही. पण धाडस आणि दादागिरी ह्यांत फरक आहे. धाडस स्वतःच्या माणसासाठी असतं आणि त्याचा पगार नसतो. दादागिरीला पगार लागतो, आणि पगार देणारा एक दिवस बदलतो. आपला दादा आज आपल्यासाठी उभा राहील. उद्या प्लॉटिंगवाला जास्त देईल, परवा ठेकेदार. मी ज्या भाईच्या टेंपोत बसलो तो कधीकाळी चळवळीतच होता.

दुसरी खोट आपली स्वतःची आहे, आणि ती बोलायला जास्त जड जाते. आपण चळवळ एका माणसावर टांगतो. एकच पुढारी, एकच फोटो, एकच भाषण. मारणाऱ्याचं गणित त्यामुळं सोपं होतं. एक गोळी, एक चळवळ. डॉक्टर गेले आणि त्यांची युनियन पूर्वीची राहिली नाही. लाखो माणसं अंत्ययात्रेला येतात आणि दुसऱ्या दिवशी गेटावर कुणीच नसतं, हे मारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. त्याच भरवशावर तो सुपारी देतो.

इटलीतल्या सिसिली बेटाची गोष्ट सांगतो. 'गॉडफादर' सिनेमामुळं कोर्लिओने हे नाव तुम्हाला माहीत आहे. सिनेमा डॉनचा आहे. पण त्या गावात प्लाचिदो रिझोत्तो नावाचा युनियनवाला होता, तो सिनेमात नाही. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या म्हणून तो लढत होता. १ मे १९४७ ला त्याच बेटावर पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राला मे दिनाच्या मेळाव्यावर ज्युलियानोच्या टोळीनं गोळ्या झाडून अकरा माणसं मारली. मार्च १९४८ मध्ये माफियानं रिझोत्तोला उचलून नेऊन मारलं. त्याच्या जागी काम करायला पिओ ला तोरे नावाचा तरुण आला. भूमिहीनांत काम करत पुढं खासदार झाला. त्यानं कायद्याचा मसुदा मांडला, की टोळीच्या माणसाला नुसतं तुरुंगात टाकू नका, त्याची मालमत्ता जप्त करा. ३० एप्रिल १९८२ ला त्यालाही मारलं. आमचा गिरणी संप चालू होता तेच साल. त्याच सप्टेंबरात तो कायदा झाला. १९९६ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि जप्त जमिनी लोकांच्या कामाला द्यायचं ठरलं. रिझोत्तोच्या नावाची सहकारी संस्था माफियाकडून जप्त केलेल्या जमिनीत शेती करते. एक मेला, दुसरा आला. दुसरा मेला, कायदा आला. पन्नास वर्षं लागली, पण नांगर फिरला.

आपल्याकडं १९९९ पासून मकोका आहे आणि त्यात मालमत्ता जप्तीचं कलमही आहे. ती जमीन, ते पैसे ज्यांच्या घामातून आले त्यांना द्या, ही मागणी आपण एकदा तरी मोर्चात केली आहे का? आपण फाशी मागतो. फाशी पोराला होते. जमीन तिथंच राहते.

मग काय करायचं? मी पुढारी नाही, गेटावर उभं राहून शिकलेला पोरगा आहे. चार गोष्टी सांगतो.

एक, एकट्यानं जायचं नाही. निवेदनावर एक सही नको, पन्नास सह्या हव्यात, आणि त्या गोल काढलेल्या, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही.

दोन, धमकी आली की लपवायची नाही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर वहीत लिहायचा, दहा जणांना सांगायचं, ठाण्यात लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. गुप्त धमकी माणसाला पोखरते. चावडीवर आलेली धमकी दादाला पोखरते.

तीन, ऊसतोडीच्या तळावर जायचं. भाषण द्यायला नाही. उचलीचा हिशेब लिहून द्यायला, पोरांना शाळेत घालायला, आजारी बाईला दवाखान्यात न्यायला. नियोगींच्या युनियननं १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून दल्ली राजहऱ्याला शहीद हॉस्पिटल उभं केलं. नियोगी गेले, हॉस्पिटल उभं आहे. ज्या संघटनेकडं माणसाचं रोजचं काम असतं तिला एका गोळीत मारता येत नाही.

चार, आणि हे मी माझ्याच वयाच्या पोरांना सांगतो. टेंपो आला की बसायचं नाही. पाचशे रुपयांची गरज मला कळते, मी ती खाल्ली आहे. पण बसायच्या आधी एक विचारा, समोर कोण बसलंय? उत्तर मिळालं नाही तर समजा, तुमची आई बसली आहे.

गेल्या हंगामात मी तळावर वही घेऊन जायला लागलो. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. एका कोपीपुढं एक म्हातारा दगडावर कोयत्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "कुणाचा रं तू?"

ह्या वेळी मी बापाचं नाव सांगितलं. आळी सांगितली. जय भीम म्हणालो. त्यानं कोयता बाजूला ठेवला आणि बसायला पोतं सरकवलं.